डब्यातला रामराम

आमच्या लेकीचं, मिनलचं, लग्न दोनदा पुढे ढकलून एकदाचं लागलं, ते २०२२ साल. मांडव उतरला त्याच आठवड्यात माझ्या थोरल्याने, दुर्गेशने, बुटीबोरीच्या एका रंगाई कारखान्यात स्वतः बनवलेला डबा बसवला. कापड रंगवायच्या हौदाचं पाणी किती तापवायचं आणि कधी थांबायचं, हे तो डबा बघणार होता. वर चार ओळींचा पडदा आणि एक पिवळं बटण. काही बिघडलं की बटण दाबायचं, मग काय करायचं ते पडद्यावर मराठीत उमटायचं. कागदी पुस्तक दिलं की पंधरा दिवसांत त्याची पानं भाकरी गुंडाळायला जातात. म्हणून दुर्गेशने पुस्तकच डब्याच्या पोटात घातलं होतं.

त्या हौदावर माझा मित्र चंपतराव तीस वर्षं काम करत होता. आम्ही दोघं अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात एकाच बाकावर बसून अक्षरं शिकलो. मॅनेजर मधुसूदन साहेबांनी त्याला सांगितलं, "सोमवारी मी मुद्दाम बिघाड करणार. कोणाला न विचारता दुरुस्त केलात तर हौद तुमचा. नाही तर शाल-नारळ घेऊन घरी."

"घरी बसलो तं पंचफुला मले मेथी निवडाले लावते," चंपतराव मला म्हणाला. "दिवसभर, गा!"

गुरुवारी आम्ही सराव घेतला. दुर्गेशने पाणी तोडलं, लाल दिवा लागला. चंपतरावाने बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'कृपया जलप्रवाह तपासण्यात यावा.' त्याने ते मोठ्याने वाचलं आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"काका, करा नं," दुर्गेश म्हणाला.

"मी काहून करू? कोणाले सांगून राहिला तो? नाव कुठी घेतलं माहं?"

त्याचंही खरं होतं. तिथे तीस वर्षं प्रत्येक काम नाव घेऊनच सांगितलं जायचं. बिननावाचा हुकूम पाळला की दुसऱ्याचं काम गळ्यात पडतं, हे तिथला प्रत्येक गडी जाणून होता.

मी वही घेऊन बसलो. वर्गात आम्हाला लिहायला शिकवलं होतं ते फक्त पत्र. म्हणून दुर्गेशच्या यादीतल्या तीस बिघाडांची मी तीस पत्रं लिहिली. दुर्गेशने डोक्याला हात लावला.

"बाबा, डब्यात एवढी जागा नाही. तुमचा नमस्कारच अर्धी जागा खाऊन राहिला! अकरा पत्रं मावतील, बस."

"मग अकराच बिघडू दे."

तीस वर्षांत खरोखर झालेले बिघाड चंपतरावाने बोटांवर मोजले. ते दहा निघाले. अकरावं पत्र मी लिहिलं, 'बाकी काही झालं तर दुर्गेशला फोन कर.' पण सोमवारी फोन चालणार नव्हता. साहेबांनी या दहांबाहेरचा बिघाड केला, की मेथी.

सोमवारी साहेबांनी हौदामागे जाऊन काहीतरी केलं. लाल दिवा लागला. चंपतरावाने चष्मा चढवला, बटण दाबलं आणि एकेक अक्षर लावून वाचू लागला.

"चंपतराव, रामराम. पत्रास कारण की, पाणी येत नाही. खालचा निळा नळ उघड. मग हिरवं बटण दाब..."

साहेब घड्याळ बघत होते, हौदातून वाफ निघत होती. मी ओरडलो, "अरे, उघड नं नळ!"

"थांब गा. पत्र पुरं वाचल्याबिगर उठू नये." त्याने सावकाश पुढचं पान आणलं. "घरी पंचफुला वहिनींस नमस्कार. तुझा, गोपाळ." मग डब्याकडे बघून म्हणाला, "सांगतो तिले." आणि वाकून नळ उघडला. दिवा हिरवा झाला.

साहेब हसता हसता खाली बसले. "राहा," म्हणाले, "पण वहिनींचा नमस्कार वाचून होईपर्यंत नळ थांबला, असं नको! तो मजकूर काढून टाका."

"काढाचा नाही," चंपतराव म्हणाला. "घरी काय सांगू मंग?"

दुर्गेशने तेच डबे आणखी चार कारखान्यांत लावले. पत्रं तशीच राहिली. तिथली बिहारी पोरं दिवा लाल झाला की ओरडतात, "चंपतराव से पूछो!" त्यांना वाटतं, ते डब्याचंच नाव आहे.

चंपतराव ३ सप्टेंबर २०२४ रोजी, मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, राहत्या घरी वारला. आदल्या दिवसापर्यंत तो हौदावर होता.