जनरलसाहेबांचा ‘बरा’

मेजर जनरल ट्रेमलेट सकाळपासून खोलीत येरझारा घालत होते. लंडनच्या कचेरीतून फोन आला होता.

“साहेब, एकोणीसशे सत्तावन्न उजाडलं, फौज निम्म्यावर आणायचीय. तुमचा कर्नल गॅरिक यादीत आलाय. त्याच्या वार्षिक अहवालात तुम्हीच लिहिलंय ना, ‘बरा अधिकारी’? बऱ्यांना घरी पाठवतोय आम्ही. काही कळवायचं असेल तर चारच्या आत कळवा.”

‘बरा’ हा ट्रेमलेटांकडचा सर्वांत मोठा शब्द होता. कोवळे लेफ्टनंट म्हणून ते पलटणीत आले, तेव्हापासून तिथे कौतुक औषधासारखं चमच्याने मिळे. महायुद्धात इटलीत गॅरिकने दोन दिवस पूल राखला, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, “बरं केलंस.” त्या दोन शब्दांवर गॅरिक वर्षभर खूश होता. यंदाचा अहवाल वाचून सही केल्यावरही तो शीळ घालत बाहेर पडला होता. इकडे बाकीचे जनरल आपापल्या माणसांना ‘असामान्य’, ‘तेजस्वी’ लिहीत सुटले होते. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, हे जनरलसाहेबांना बावन्नाव्या वर्षी कळत होतं.

“जेवणार आहेस, की गालिचा झिजवणार आहेस?” बायको ऑनर दारातून म्हणाली.

“एक शब्द लिहायचाय.”

“मग लिही की! ‘उत्कृष्ट’ लिहिलं म्हणून हात झडतो का? पण तू कसला लिहितोस! लग्नाच्या दिवशी मला बघून म्हणालास, ‘बरी दिसतेस.’ माझी आई रडली होती.”

ते जेवले नाहीत. गॅरिकवर त्यांचा धाकट्या भावासारखा जीव होता, आणि त्यांच्याच शब्दाने त्याचं घर बसणार होतं. चार कागद फाडले. साडेतीनला पाचव्यावर लिहिलं, ‘उत्कृष्ट अधिकारी. याच्या तोडीचा दुसरा मी पाहिला नाही.’ फोनवर वाचून दाखवताना त्यांचे कान तापले.

पाचला लंडनचा फोन आला.

“तुमचं मन मोठं आहे, साहेब. पण तुम्ही आणि ‘उत्कृष्ट’? उभ्या नोकरीत कुणाला लिहिलंत? माणूस जातोय म्हणून दया आली, एवढं आम्हालाही कळतं. यादी आहे तशीच राहील.”

ट्रेमलेटांनी गॅरिकला बोलावून घेतलं आणि बातमी स्वतःच्या तोंडाने सांगितली. एक्केचाळिशीचा गडी, दोन मुली शाळेत. पण तो ताठ उभा राहिला.

“कळलं, सर.”

आता निदान तोंडावर तरी खरं बोलावं, म्हणून साहेबांनी सगळं बळ एकवटलं. “गॅरिक, तू उत्कृष्ट अधिकारी आहेस. मी पाहिलेला सर्वांत उत्तम.”

यादीचं ऐकून न हललेला गॅरिकचा चेहरा आता मात्र पडला.

“नोकरी गेली, चालायचंच, सर,” तो कसाबसा म्हणाला. “पण तुम्हाला खोटं बोलून माझी समजूत घालावी लागावी, इतकं वाईट काम केलं का मी?”

सलाम ठोकून तो वळला. ट्रेमलेट दारापर्यंत धावले. पण हाक मारून त्याला सांगणार तरी काय?