गुलाबी नळी

“बारा जोड्या तपासल्या, बाई, पण एवढा फरक कुठे नाही,” साहेब पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. “दोघी सख्ख्या बहिणी. एका जागी एक अक्षर वेगळं, आणि तुमच्या धाकटीचा आकडा तुमच्या नऊपट. पुढच्या आठवड्यातल्या सभेत हीच जोडी पुढे ठेवणार.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं नाही. सव्वीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढत होत्या, आणि धाकटीचं काढलं ती सकाळ काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

साहेबांचा शोध फार बारीक होता. पेशीत जनुकांचा नुसता गलबला चाललेला. त्यात काही इवलेसे रेणू असतात, मायक्रोआरएनए म्हणतात त्यांना. त्यांचं काम एवढंच, की एखाद्या जनुकाला हळूच म्हणायचं, पुरे आता. घडवणाऱ्याची करणी अशी, की त्याने बोलणारे घडवले तसे गप्प करणारेही घडवले. हे गप्प करणारे कुणात जास्त, कुणात कमी. त्याच्या मुळाशी जनुकात जन्मतःच आलेलं एखादं वेगळं अक्षर असतं का, हे साहेब भावंडांच्या रक्तातले हे रेणू मोजून पाहत होते. एक जोडी कमी पडली तेव्हा बाईंनी स्वतःचं नाव दिलं. धाकटीला फोन मात्र साहेबांनी केला, कारण दोघींत नऊ वर्षांचा अबोला होता.

धाकटी आली, बसली, बाही वर सारली. “काढा,” ती म्हणाली. “जगाचं रक्त काढत बसलात. आईच्या उशाशी बसायला तेवढी सवड झाली नाही तुम्हाला.”

पाठच्या बहिणीच्या तोंडचं ते ‘तुम्हाला’ बाईंना झोंबलं. त्यांनी बारीक सुई घेतली आणि रागाच्या भरात सिरिंजचा दट्ट्या खसकन ओढला, मग तितक्याच जोराने रक्त नळीत सोडलं. अशाने तांबड्या पेशी फुटतात. नळी यंत्रात फिरवल्यावर वर पिवळसर पाणी यायला हवं, ते गुलाबी आलं. गुलाबी नळी फेकायची आणि माणसाला पुन्हा बोलवायचं, हे नव्या मुलींना बाईच शिकवत. पण पुन्हा बोलवायचं म्हणजे धाकटीची मनधरणी करायची. बाईंनी नोंदीत ‘स्वच्छ’ लिहिलं आणि सही ठोकली.

“साहेब, ती जोडी काढून टाका,” आता त्या म्हणाल्या. “नळी गुलाबी होती. फुटलेल्या पेशींतले रेणू पाण्यात उतरले, म्हणून आकडा फुगला. तो तिचा नाही, माझ्या हाताचा आहे.”

साहेबांचा चेहरा आधी उतरला, मग तापला. “आणि हे आज सांगताय? सही कुणाची आहे खाली?”

“माझीच.”

“मग बाकीच्या तेवीस नळ्यांवर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू?”

“ठेवू नका. तपासून घ्या.”

“घेणारच. आजपासून तुम्ही सुईला हात लावायचा नाही. बहिणीला बोलवा, रक्त ही मुलगी काढेल,” दाराशी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीकडे बोट करून ते म्हणाले.

फोन बाईंनाच करावा लागला. धाकटी तिसऱ्या दिवशी आली, ती धुमसतच. “एकदा छळून पोट भरलं नाही वाटतं? हात चार दिवस काळानिळा होता.”

“मी रागाने ओढलं,” बाई म्हणाल्या. “म्हणून माझं काम काढून घेतलंय.”

धाकटीने क्षणभर त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मुलीने शीर चाचपली, सुई अलगद आत गेली.

“आईच्या वेळी रजा मिळत होती,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “मीच मागितली नाही. सुयांनी काळा पडलेला तिचा हात मला बघवेना.”

“मला बघवत होता का?” धाकटी म्हणाली. तिने कापूस दाबून धरला, बाही खाली ओढली आणि मागे न बघता निघून गेली.

या खेपेला पाणी पिवळसर आलं. बाकीच्या नळ्याही निर्दोष निघाल्या, पण बाईंना सुई परत मिळाली नाही.

“फरक आहे. दीडपट,” साहेब कोरडेपणाने म्हणाले. “एवढ्याशासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.”

नळ्यांवर क्रमांक चिकटवायचं काम आता बाईंकडे होतं. धाकटीच्या नळीवरच्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि तो नीट चिकटेपर्यंत दाबून धरला.