ओली की कोरडी

रेक्स डगनकडे कुठलंही पद नव्हतं, आणि त्याला त्याचाच माज होता. "मुकादमाचं ऐकायचे पैसे मिळतात," तो म्हणायचा, "माझं फुकट ऐकतात." लोकर कातरणाऱ्या आठजणांच्या त्या टोळीत सगळ्यात वेगवान तोच, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. उस्ताद हसला की बाकीचे हसत, विनोद कळला नाही तरी हसत. त्यानं ताटातलं मटण बाजूला सारलं की सगळ्यांनाच मटणाला वास यायला लागायचा.

यंदाचा मुकादम होता ब्रेंडन, ठेकेदाराचा जावई. सिडनीत नेतृत्वाचा कोर्स करून आलेला. आल्या आल्या त्यानं शेडच्या भिंतीवर तक्ता लावला, 'आपण एक कुटुंब'. रेक्सनं त्यावर आपला घामेजलेला बनियन वाळत घातला. दुसऱ्या दिवशी तिथे आठ बनियन होते.

पण या वेळी रेक्सला खरोखरच कुटुंबाची काळजी लागली होती. शुक्रवारी सकाळी डब्बो गावात त्याच्या मुलीचं, टेगनचं लग्न होतं. तिच्या एकाही वाढदिवसाला हा बाप घरी नव्हता. तिनं फोनवर साफ सांगितलं होतं, "यायचं तर ये, बाबा. नाही आलास तर पुन्हा फोन करू नकोस." काम गुरुवारी संध्याकाळी संपणार होतं. रात्रभर गाडी हाकली की तो पोचत होता.

सुट्टी मागायची तर सोय त्यानंच ठेवली नव्हती. मागच्या साली एकजण बायकोच्या बाळंतपणाला निघाला, तेव्हा सगळ्यांसमोर रेक्स म्हणाला होता, "जा जा, तू काय सुईण आहेस?" त्या माणसाला त्यानंतर एकाही टोळीनं उभं केलं नाही. म्हणून लग्नाचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मंगळवारी रात्री पाऊस शिंतडला. ओल्या मेंढ्या कातरल्या की माणसं आजारी पडतात, म्हणून अशा सकाळी प्रत्येकानं दोन मेंढ्या कातरून पाहायच्या आणि 'ओली' की 'कोरडी' ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. बहुमत ओलीचं झालं तर त्या दिवशी काम बंद. चिठ्ठीवर नाव नसतं.

न्याहारीला ब्रेंडन सगळ्यांदेखत रेक्सजवळ आला. "उस्ताद, एक शब्द टाक ना. आज काम बंद पडलं तर सासरा मला कच्चा खाईल."

हो म्हणायची ही आयती संधी होती. पण मुकादमाला हो म्हणायचं? "मी कोण सांगणारा? मत गुप्त असतं, राजा," रेक्स म्हणाला, आणि सवयीनं पोरांकडे बघून डोळा मारला.

मेंढ्या रात्रभर छपराखाली होत्या, ठणठणीत कोरड्या. हाताला कळत होतं, खोटं कोण लिहील? रेक्सनं 'कोरडी' लिहिलं आणि निर्धास्तपणे चिठ्ठी हॅटमध्ये टाकली.

ब्रेंडननं चिठ्ठ्या वाचल्या. सात ओल्या, एक कोरडी.

शेड हशानं दणाणली. "बघ उस्ताद, तुझा डोळा आणि आमचं पेन!" कुणीतरी रेक्सच्या पाठीत थाप मारली.  आता काम शुक्रवारी संध्याकाळी संपणार होतं. पण चेहरा हसत राहिला, चेहऱ्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"थांबा," एकजण म्हणाला, "ती एक कोरडी कुणाची? मुकादमाचा चमचा कोण आहे आपल्यात?"

हसू थांबलं. उस्ताद कुणाकडे बोट दाखवतो म्हणून सगळे रेक्सकडे बघायला लागले. माझी, एवढा एकच शब्द त्याला म्हणायचा होता. माझी आहे, माझ्या पोरीचं लग्न आहे. एक मुलगी आणि सात मेंढरं यांतून निवडायचं होतं, आणि या शूर माणसानं निवडलं. त्यानं डॅरिलकडे पाहिलं. डॅरिल सगळ्यात हळू कातरायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"मी नाही रे," डॅरिल म्हणाला. "उस्ताद, तू तरी सांग."

उस्तादनं नजर वळवून थुंकी टाकली. तेवढं पुरलं. मुकादम मात्र खूश झाला, निदान एकजण तरी आपला आहे म्हणून.

डॅरिलनं वळकटी बांधली. दुपारचा चहा त्याला कुणी विचारला नाही. तो गाडीत बसला तेव्हा रेक्स ओसरीवर पायरीपाशी उभा होता.

"कुठे जाणार?" रेक्सनं विचारलं.

"घरी. डब्बोला," डॅरिल म्हणाला. "येतोस?"

टोमणाच होता तो. मागे सहाजण कपातला चहा न पिता ऐकत उभे होते.

"तुझ्याबरोबर?" रेक्स मोठ्यानं म्हणाला, आणि हसला.

सगळे हसले. गाडी गेली, शेजारची सीट रिकामी.