मातीने निवडून खाल्लेली चादर

ताईने टेबलावर मातीचं घमेलं आणून ठेवलं, तेव्हाच मी म्हटलं, झालं, आता हिचं पुराण सुरू. ती माती तपासणारी, मी धान्यपुरवठा सांभाळणारी. रासायनिक खतं देशभर एका फटक्यात बंद करा म्हणणाऱ्यांना मी कधीच वाटेला लावलं होतं. कोठारं रिकामी पडली तर लोक माझ्या नावाने खडे फोडणार!

म्हणून ठरलं होतं, जिथली माती जिवंत, तिथलंच खत आधी कमी करायचं. ते कळायला ताई मातीत सुती कापड पुरायची; मातीतले जीव सूत खातात. विरलं, तर माती जिवंत. तिने चाचणीच्या शेतांत खत निम्म्यावर आणलं, तरी धान्य तेवढंच पिकलं. माझ्याच माणसांनी मोजलं होतं. आता या घमेल्यातलं कापडही विरलेलं निघालं, तर अख्ख्या खोऱ्यात खत निम्मं. नाहीतर योजना गुंडाळायची. संचालक वरच्या मजल्यावर उत्तराची वाट बघत होते.

ताईने माती बाजूला केली. चिखलाने माखलेलं कापड चारी कोपऱ्यांसकट धड निघालं.

ती मटकन खाली बसली. "मेलीये गं माती," म्हणाली. मला गलबलून आलं. एरवी मी टोमणा मारल्याशिवाय राहिले नसते.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कापड आणलंस कुठून? चाचणीच्या सुती कापडाचं ठाण संपलं होतं, म्हणून बाईसाहेबांनी घरची जुनी चादर फाडली होती.

"कुठली? इस्त्री लागत नाही म्हणून मिरवायचीस, ती?"

ताईने मान डोलावली. जन्मभर माती चाळली, पण अंगाखालची चादर नुसत्या सुताची की प्लॅस्टिकचा धागा मिसळलेली, याचा पत्ता नाही! सुती चादर चुरगळल्याशिवाय राहते का कधी?

मी तो तुकडा नळाखाली धुतला आणि खिडकीशी धरला. अंगावर सर्रकन काटा आला. हातात नुसती जाळी उरली होती. सुताचा कण न् कण गेला होता, प्लॅस्टिकचा धागा मात्र जसाच्या तसा. धान्यातून खडे निवडावेत, तसं मातीने निवडून खाल्लं होतं. अंधारात, डोळे नसताना. एवढी वर्षं मी या मातीच्याच जिवावर कोठारं भरत होते, आणि मला वाटायचं, खताची पोतीच पिकवतात सगळं.

जाळीतून पलीकडे ताई दिसत होती, ओल्या डोळ्यांची. मी घमेल्यात हात घातला. माती गार होती. हात काढावासा वाटेना.

"चल वर," मी म्हटलं. "खोऱ्याची जबाबदारी मी घेते. पण यापुढे कापड मी आणणार."