वरच्या मजल्यावरच्या सिस्टर

"सलाईन लावून घेईन तर मोठ्या सिस्टरच्याच हातून!" आजोबांनी हात पांघरुणात लपवला. नवी सिस्टर रडकुंडीला आली. दोनदा टोचूनही तिला शीर सापडली नव्हती.

मी या वॉर्डातली मावशी. मागे वळून पाहते तर मोठ्या सिस्टर दारातच उभ्या.

त्यांना बढती देऊन वरच्या मजल्यावर बसवलं होतं. काम काय, तर नर्सेस कामावर खूश आहेत की नाहीत ते बघायचं. स्वतः तोंड पाडून बसणारी बाई इतरांना काय खूश ठेवणार, कप्पाळ! काहीतरी निमित्त काढून रोज खाली यायच्या. "काय मावशी, खूश ना?" असं मला विचारायच्या आणि नजर सगळी खाटांवर. फार ओढ होती हो त्यांना या वॉर्डाची.

परत खाली पाठवा म्हणून त्यांनी मेट्रनबाईंच्या मागे टुमणंच लावलं होतं. शेवटी मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमच्यावाचून वॉर्डचं अडतंय असं मला दिसू दे, लगेच पाठवते."

आणि आज मेट्रनबाई राउंडला आलेल्या, दोन खाटा सोडून उभ्या. मी सुईचा ट्रे पुढे केला. "घ्या सिस्टर," मी कुजबुजले, "अशी वेळ पुन्हा यायची नाही."

त्यांचा हात पुढे आलासुद्धा. मग त्यांनी नव्या सिस्टरकडे पाहिलं. पोरगी खाटेपासून दोन पावलं मागे सरकली होती. मोठ्या सिस्टरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आजोबा, हिलाच द्या हात. मी आहे ना इथे. आणि तू गं, घाई करू नकोस. डोळ्यांनी नको शोधू, बोटाने दाबून बघ. लागली? हं, आता टोच."

मला असा राग आला! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची ही काय हौस?

सुई बसली. "कळलंसुद्धा नाही की गं पोरी," आजोबा म्हणाले. पोरगी इतकी हसली, की माझा निम्मा राग तिथेच उतरला.

मेट्रनबाई जवळ आल्या. "बघा, तुमच्यावाचून काही अडत नाही इथलं. आता वर निवांत बसा."

"हो मॅडम," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मेट्रनबाई पुढच्या वॉर्डात गेल्या. मोठ्या सिस्टर कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या. बाह्या वर सारून त्यांनी कोपरापर्यंत साबण लावला आणि एकेक बोट चोळून हात धुऊ लागल्या. कुणालाही त्यांनी हात लावला नव्हता. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले.