पिवळ्या चादरींचं पाणी

ग्लासातलं पाणी इतकं नितळ, की ते आहे की नाही हे कळायला तिला ग्लास जरा हलवावा लागला. शेजारी दुसरा ग्लास, त्यांच्या डुंबायच्या तलावाच्या पाण्याचा—फिक्या चहासारखा तांबूस. फिल्टर विकायला आलेल्या माणसानं दोन्ही तिकीट-खिडकीच्या फळीवर मांडले होते.

"बघा मॅडम, हे घाण पाणी, आणि हे—"

घाण... शब्द जुन्या ओळखीचा. नखांच्या कडा कायम तांबूस, म्हणून शाळेत तिला गंजकी म्हणायचे. हात पाठीमागे धरून फोटोला उभी राहायची ती.

आज तलाव रिकामा करून घासायचा दिवस. खाली तळाशी धाकटा भाऊ पँट दुमडून तांबूस थरावर ब्रश ओढत होता. आवाज थांबे, तो कमरेवर हात ठेवी, मग पुन्हा आवाज. "लोक दुसरीकडच्या निळ्या पाण्याच्या तलावांकडे जायला लागलेत, ताई," सकाळी तो म्हणाला होता, "आणि माझी कंबरही आता..."

पाहुण्यांना ती तलावाची हकिकत नेहमी मधूनच सांगे—बाबांनी फरशी कशी बसवली, लांबलांबून माणसं कशी आली. त्याआधीचं कधीच नाही. त्याआधी बाबांची लाँड्री होती. धुलाईसाठी विहीर खणली, कोमट पाणी उसळून वर आलं, बाबा आनंदानं ओरडले—आणि आठवड्याभरात दवाखान्याच्या साठ पांढऱ्याशुभ्र चादरी पिवळ्या पडल्या. लाँड्री बसली. पाणी मात्र वाहतच राहिलं, मागच्या खड्ड्यात साचत राहिलं... तिथे एकदा आई सुजलेले गुडघे घेऊन उतरली आणि हाका मारल्या तरी बाहेर येईना. "अहो, खड्डा जरा मोठा करता का?" एवढंच म्हणाली.

"घाण नाही," तिचा आवाज चढला. "लोह आहे त्यात. ह्या पाण्यानं माझ्या बाबांचा धंदा बुडवला, माहितीय? साठ चादरी! सगळं गाव फिदीफिदी हसत होतं."

हे कौतुक की तक्रार, फिल्टरवाल्याला उमगेना. तिला थांबता येईना—तो खड्डा, आई, दोन वर्षं एकट्यानं फावडं चालवणारे बाबा, आणि पहिल्या दिवशी लाजत लाजत पाण्यात उतरलेली, तीच हसणारी माणसं...

ब्रश थांबला होता. "ताई, चादरींचं सांगतेस? आई असती तर ओरडली असती!" भाऊ तळातून हसला. मग तसाच वर बघत राहिला. "बरं, ह्यांना काय सांगायचं? बसवायचा फिल्टर?"

तिनं तांबूस ग्लास हातात घेतला. त्याच्या कंबरेचं दुखणं—तेही खरंच. आणि निळं पाणी बघून कुणाला मोह पडला, तर त्यांचं तरी काय चुकलं?

पण तिची छाती कशी भरून आली होती... इतकी वर्षं आपण हकिकतीचा सगळ्यात चांगला भाग गाळत आलो! आत्ता कुणीही दारातून आत आलं असतं, तर तिनं त्याला हाताला धरून बसवलं असतं आणि पहिल्या डागापासून सुरुवात केली असती.