क्लचताईची सात घरं

तू आधी बस आणि नुसतं ऐक. मधे तोंड घालायचं नाही, कारण मधलं काही सुटलं तर शेवटी तू तिलाच वेड्यात काढशील आणि मग माझं डोकं फिरेल.

तर क्लचताई. हे नाव पोरांनीच ठेवलं. आठवडाभर ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ लोकांशेजारी बसून 'क्लच, काका, क्लच दाबा!' असं ओरडत असते, आणि रविवारी सकाळी आठ-नऊ वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवते. पहिल्याच दिवशी मैदानावर तिच्या तोंडून सवयीने 'क्लच!' निघालं. झालं, चिकटलं ते कायमचं.

आता ही पोरं कशी, तर बॉल जिकडे, सगळी तिकडे. सात जणांचं मिळून चौदा पायांचं एकच जनावर, धुरळा उडवत इकडून तिकडे. गोलकीपरसुद्धा, त्याला सगळे भोपळा म्हणतात, गोल सोडून त्यात. ताई कडेला उभी राहून घसा फोडतेय, "अरे जागेवर! जागा धरा!" आणि तिचा उजवा पाय आपोआप गवतात दाबला जातोय. गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना. शिकाऊ माणूस भिंतीकडे निघाला की ती दाबते आणि गाडी थांबते. इथे दाब म्हणावं किती दाबायचं ते. बूट रुतायचा, पोरं काही थांबायची नाहीत.

तिने काय नाही केलं! प्लॅस्टिकचे शंकू मांडले, पोरांनी ते डोक्यावर घातले. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची बनियन दिली, ती त्यांनी आपसांत बदलली आणि कोण कोण आहे हेच तिला कळेना. जागा सोडली की गाणं म्हणायची शिक्षा ठेवली, तर भिंगरी मुद्दाम जागा सोडायला लागली. भिंगरी म्हणजे त्यातली सगळ्यात चिमुरडी. दोन वेण्या, आणि अंगात कुणीतरी किल्ली भरून सोडल्यासारखी. उभी राहणं हा प्रकारच तिला माहीत नाही.

त्यात मामा. ताईचा सख्खा मामा, आणि क्लबचा सगळा कारभार त्याच्याकडे. गेल्या मॅचला पोरांनी नऊ गोल खाल्ले तेव्हा त्याने तिला बाजूला घेतलं.

"मामा, लहान आहेत रे ती."

"लहान आहेत म्हणून नऊ खायचे? लोक हसतात मला. हे बघ, पुढची मॅच हरलात तर टीम शिट्टीवाल्या सरांकडे. बरोबरी झाली तरी चालेल, मी काही राक्षस नाही."

शिट्टीवाले सर म्हणजे कसं, तर पोरगं हसलं की मैदानाला फेरी. पुन्हा हसलं, पुन्हा फेरी. त्यांच्याकडची पोरं जागा सोडत नाहीत हे खरं, विजेच्या खांबासारखी उभी असतात. आणि त्यातली निम्मी पुढच्या वर्षी मैदानाकडे फिरकतही नाहीत, हेही तितकंच खरं. ताईला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिचा जीव तीळ तीळ तुटत होता.

मग एका रविवारी तिचा बांध फुटला. भिंगरीचे दोन्ही खांदे धरून तिने तिला मागच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं आणि दातओठ खात म्हणाली, "ही. तुझी. जागा. कळलं?"

भिंगरीने खाली बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "पण ताई, इथे तर काहीच नाहीये."

आता यावर काय बोलशील? खरंच काहीच नव्हतं तिथे. नुसतं गवत.

ताई घरी गेली, जेवताना आई विचारतेय तर "काही नाही" म्हणाली. आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन तिने मैदानावर फक्कीने मोठे मोठे चौकोन मारले. सात. "ही तुमची घरं. आणि बॉल म्हणजे पाहुणा. पाहुणा आला की 'या' म्हणायचं, आणि बसायच्या आत 'निघा' म्हणून पुढच्या घरी धाडायचा."

"चहा नाही द्यायचा?" भोपळ्याने विचारलं.

"चहा दिलास की गोल झाला समज."

अरे, काय सांगू तुला! पोरांना वेड लागलं. प्रत्येकाने घराला नाव दिलं. भुताचं घर, बिनदाराचं घर, एकाचं तर नुसतं 'गच्ची'. सकाळभर मैदानावर एकच ओरडा, "या! निघा! या! निघा!" हसून हसून लोळताहेत, पण चौकोनाच्या आत लोळताहेत. भिंगरीला मागचं घर मिळालं, आणि ती तिथे, विश्वास ठेव, राहायला लागली. नसलेली भांडी घासायची, नसलेल्या खिडकीतून डोकवायची, आणि पाहुणा आला की लाथ. ताईला वाटलं, जिंकलो.

मग मॅच. दुसऱ्यांचं मैदान, चौकोन नाहीत, पण पोरांना आपापली घरं पाठ. पहिली काही मिनिटं झकास गेली. समोरच्या टीमच्या आया एकमेकींना कोपराने ढोसून हसत होत्या, ह्यांची 'या-निघा' ऐकून. आणि मग बॉल घरंगळत आला आणि वकील आणि गच्चीवाला, या दोघांच्या बरोबर मधे थांबला. वकील म्हणजे जो प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो तो.

"तुझ्या दारात आहे."

"माझ्या कशाला? तुझ्याकडे आलाय!"

"मी बोलावलंच नाही त्याला!"

दोघं कमरेवर हात ठेवून भांडताहेत, आणि समोरच्या टीमचा एक पोरगा आला, त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, बॉल घेतला आणि निवांत जाऊन गोल मारला. भोपळा तर त्या दोघांचं भांडण ऐकत होता.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आधी कुणी घरात राहत नव्हतं, आता कुणी घराबाहेर पडेना! पलीकडे मामाने कपाळाला हात लावला तो काढलाच नाही.

मध्यंतरात पोरं पाणी पीत बसली. तिला इतकं बोलायचं होतं, इतकं, पण तेवढ्यात वकील तोंड वर करून म्हणाला, "ताई, नियम तूच केलास."

तिने मोठा श्वास घेतला. "बरं. नवा नियम. रस्त्यावरचा पाहुणा कुणाचा?"

वकिलाने बोट वर केलं, पण उत्तर तिनेच दिलं.

"ज्याला आधी दिसला त्याचा. त्याने बाहेर जायचं. आणि तो बाहेर गेला की त्याच्या घराकडे कोण बघणार?"

"शेजारी!" भिंगरी ओरडली.

"शेजारी. बास. एवढंच."

आणि जमलं की रे! वकील बाहेर पडला की गच्चीवाला सरकून त्याच्या घराकडे. तो परतला की हा परत. ताईचा पाय गवतावर हलका पडला होता, तिचं तिलाच कळलं नाही. मग बॉल मागून निघाला, भुताच्या घरातून बिनदाराच्या घरात, तिथून वकिलाकडे, आणि वकिलाने एकही प्रश्न न विचारता गोल मारला. एक-एक! मामाचा हात कपाळावरून खाली आला.

आता नीट ऐक, इथेच सगळं आहे.

शेवटची मिनिटं. बरोबरी. म्हणजे पोरांनी नुसतं घरात राहायचं, पाहुणे परतवायचे, रेफरी शिट्टी मारेल आणि टीम ताईकडेच राहील. तेवढ्यात बॉल आला भिंगरीकडे. आणि समोरची टीम कुठे? सगळी एका कडेला गोळा झालेली. आधी आपली पोरं व्हायची ना, तशीच. मधे सगळं मैदान मोकळं. त्यांचा गोलकीपर बुटाची नाडी बांधत बसलाय.

आणि भिंगरी काय करते? जी पोरगी सहा महिने कुणाच्या बापाला विचारून पळाली नव्हती, ती आपल्या घराच्या उंबऱ्याशी बॉलवर पाय ठेवून उभी राहते, ताईकडे मान वळवते आणि ओरडते, "ताई, मी जाऊ?"

ताईच्या मनात आलं, अगं बाई, आजच विचारायचं होतं? 'थांब' म्हटलं की झालं. एक शब्द. टीम वाचते, ही पोरं वाचतात. पण त्या पोरीचा चेहरा! तिला समोरचं मैदान दिसत होतं, अख्खं, आणि तरी ती थांबली होती. मामा पलीकडून हात हलवत होता, थांबव, थांबव तिला म्हणून.

ताई ओरडली, "जा!"

भिंगरी सुटली. वेण्या हवेत. आणि ती निघालेली बघून बाकीच्यांना काय वाटलं देव जाणे, वकील सुटला, गच्चीवाला सुटला, भुताचं घर, बिनदाराचं घर, सगळी घरं ओस. शेवटी भोपळापण, "थांबा, मीपण!" म्हणत.

"शेजारी! अरे, शेजारी!" ताई ओरडतेय. कोण ऐकतंय!

भिंगरीने मारला. असला मारला म्हणून सांगू! खांबाला लागला. खण्ण! उलटा आला तो समोरच्या एका पोराच्या पायात. त्याने न बघताच लांब भिरकावला, आणि बॉल टप्पे घेत, घेत, आपल्या रिकाम्या गोलमधे. रेफरीची शिट्टी. संपलं. एक-दोन.

आपली पोरं तिकडे ढीग करून पडली होती, हसताहेत नुसती. "सगळेच पाहुणे झालो!" म्हणे. आणि वकील रेफरीच्या मागे लागलेला, "घरात कुणी नसताना झालेला गोल धरत नाहीत, सर. ही घरफोडी आहे!"

मामा आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बरोबरी हातात होती."

"हो."

"मग 'जा' का म्हणालीस?"

"तिने विचारलं, मामा. पहिल्यांदा."

"मग नाही म्हणायचं. सोपं होतं."

"'नाही' ऐकायलाच का शिकवलं तिला मोकळं मैदान बघायला?"

"आता सरांना विचार ते," म्हणाला, आणि मॅचआधीच्या सरावाला मांडलेले शंकू गोळा करायला लागला. शब्दाचा पक्का, तोंडावर दार लावावं तसा. ताईला वाटलं, तो एक शंकू घ्यावा आणि त्याच्याच डोक्यावर घालावा.

पण खरी गोष्ट पुढेच. पोरांना कळलं, पुढच्या रविवारपासून शिट्टीवाले सर. हसू बंद झालं. ताई पिशवीत बॉल भरत होती, तिथे भिंगरी आली. पायाने माती उकरत उभी राहिली, उभी राहिली, आणि म्हणाली, "मी विचारायला नको होतं का?"

ताई पिशवीची नाडी ओढत बसली, ओढत बसली, तोवर भिंगरीची आई हाका मारायला लागली आणि ती गेली.

तेव्हापासून ताई चिडलेली आहे. मामावर, त्या खांबावर, स्वतःवर. मी विचारलं तर म्हणाली, पन्नास वेळा मनात 'थांब' म्हणून बघितलं, एकदाही नीट वाटलं नाही. आणि 'जा' म्हटल्याचंही नीट वाटत नाही. आता तू सांग. टीम हातातून जाणार हे माहीत होतं, आणि ती पोरगी तुझ्याकडे बघत होती. तू काय ओरडलं असतंस?